घोडे किती, किलो किती?

बनारसमध्ये दोन गोष्टी न मागता मिळतात : धक्का आणि सल्ला. धक्का गल्लीतला सांड देतो, सल्ला बाकी सगळे. त्यामुळे दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान आपण घरी बांधणार, असं आमचा पुतण्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर जरा मोठ्या आवाजात बोलला, त्या क्षणी ते विमान त्याचं एकट्याचं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचोरीच्या दुकानासमोर द्रोण हातात येण्याआधी मला प्रश्न आला, “का गुरू, इंजिन कोणतं घालताय?”

विमान कशासाठी, हे कुणीही विचारलं नाही. ते कुठून उडणार, कुठे उतरणार, हेही नाही. सगळ्यांना इंजिनाचं पडलेलं. किती घोड्यांचं? कुठल्या कंपनीचं? आणि उत्तराची वाट न पाहता, “माझं ऐकाल तर...”

आम्ही ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडचे मराठी. पेशवाईत काशीला येऊन राहिलेल्यांचे वंशज. घरात मराठी बोलतो, गल्लीत बनारसी आणि भांडताना दोन्ही. आमच्या घराण्यात आजवर कुणी सायकलच्या वर काही जोडलेलं नव्हतं. वहिनींनी, म्हणजे पुतण्याच्या आईने, बातमी ऐकून एवढंच म्हटलं, “आधी गच्चीवरची टाकी गळते ती बघ.”

पण ‘घरी कधी विमान होतं का!’ असं म्हणायची सोय मराठी माणसाला राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी ती घालवली. कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटं करून खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. विमानाची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडवून बघायची परवानगी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. पुतण्याने या तारखा वहिनींना पाठ म्हणून दाखवल्या. त्यांना त्यातला एकच मुद्दा पटला, “म्हणजे गच्ची मोकळी व्हायला वर्षं लागतात.”

तर, इंजिन आधी की सांगाडा आधी? मोहल्ल्यात लगेच दोन पक्ष पडले. विद्वानांचं गाव आहे, दोनाच्या खाली पक्ष पडत नाहीत. आणि इतिहास असा लबाड, की दोन्ही पक्षांना त्याने साक्षीदार पुरवून ठेवलेत.

सांगाडा-पक्षाचे साक्षीदार म्हणजे खुद्द राइट बंधू. त्यांनी आधी ग्लायडर उडवलं, १९०२ सालापर्यंत पंख आणि सुकाणू घोटून पक्कं केलं आणि मग इंजिन शोधायला निघाले. हवं तेवढं हलकं इंजिन कुणी देईना. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मिस्त्री चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत ते घडवलं. सुमारे बारा घोडे. १७ डिसेंबर १९०३ ला त्या बारा घोड्यांनी माणसाला बारा सेकंद हवेत ठेवलं. अंतर १२० फूट, म्हणजे आमच्या गल्लीच्या पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नाही. पण ते मोजलं गेलं आणि बाकीचं जग चालत राहिलं होतं.

इंजिन-पक्षाचा साक्षीदार अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या चेरी ग्रोव्ह गावचा बर्नार्ड पीटेनपॉल. हा गडी खेड्यातला. विमानाचं इंजिन परवडत नाही, पण फोर्ड मॉडेल-ए मोटार गावोगाव आहे, हे त्याने बघितलं. मग चाळीसएक घोड्यांचं ते मोटारीचं इंजिन मध्ये ठेवून त्याच्याभोवती त्याने लाकडाचं, वर कापड ताणलेलं विमान रचलं. १९२९-३० च्या सुमाराचं हे ‘एअर कँपर’. त्याच्या आराखड्यावरून लोक आजही विमानं बांधतात. जे हाताशी आहे त्याच्या मापाने विमान बेतायचं, हा त्याचा खाक्या. आमच्या इंजिन-पक्षाने यातून एवढाच अर्थ घेतला की हाताशी असेल ते इंजिन चालतं. आणि बनारसमध्ये हाताशी काय नाही?

पहिला प्रस्ताव घाटावरच्या नाववाल्याचा. त्याच्या जुन्या नावेला पाच घोड्यांचं डिझेल इंजिन होतं, किर्लोस्करांचं. ते नाव ऐकून आमची मराठी मान ताठ झाली. पुण्याच्या खडकीत जन्मलेलं इंजिन काशीच्या गंगेत चालतंय, आता आकाशात का नको? नाववाला म्हणाला, “भैया, ये इंजन बंद होना जानता ही नहीं.” खरं होतं ते. पण पाच घोड्यांच्या त्या इंजिनाला नावेत चढवायला चार माणसं लागत. घोडे आणि माणसं यांचं हे प्रमाण विमानाला मानवणारं नव्हतं. मग त्याने दुसरा प्रस्ताव काढला : सीएनजी. इथल्या नावा आता सीएनजीवर आल्यात, खिडकिया घाटावर, म्हणजे आताच्या नमो घाटावर, तरंगता सीएनजी पंपही आहे. पुतण्याने हिशेब केला. मोटारीला बसवतात तो साठ लिटरचा पोलादी सिलिंडर रिकामाच साठेक किलोचा आणि त्यात गॅस मावतो नऊ-दहा किलो. “काका, एवढ्या वजनात तर माझं अख्खं इंजिन येतं.” नाववाल्याने शांतपणे विडा तोंडात सारला, “तर मग आधी बुडेल कुठे ते ठरवा.”

दुसरा प्रस्ताव आप्पांचा. आप्पा आमच्याच मराठी मोहल्ल्यातले, डीरेकातून फोरमन म्हणून निवृत्त. डीरेका म्हणजे डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना. २०२० पासून तो बरेका झाला, बनारस रेल इंजन कारखाना, पण आप्पांसाठी तो मरेपर्यंत डीरेकाच राहणार. जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं, त्याची गोष्ट आप्पा घरच्या बारशासारखी सांगतात. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं : “दम वजनात असतो.” त्यांचं लाडकं डब्ल्यूडीएम-२ इंजिन २६०० घोड्यांचं आणि ११२ टनांच्या वर. वजन काढून घेतलं तर चाकं रुळावर जागीच फिरत राहतील, गाडी हलायची नाही. रेल्वेचं हे शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त रेल्वेला जमीन सोडायची नसते. पुतण्याने कागदावर भागाकार करून दाखवला : आप्पांच्या इंजिनात टनाला तेवीस घोडे येतात. त्याला हवे होते साठ किलोत शंभर. आप्पांनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला, परत दिला. “साठ किलोत आमचा एक पिस्टनसुद्धा हौसेने बसला नसता,” म्हणाले, आणि त्यांनी त्या साठ किलोच्या इंजिनावरचा विश्वास तिथेच काढून घेतला.

तिसरा प्रस्ताव मैदागिनजवळच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचा : मारुती. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुझुकीच्या एक लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाला अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी खरोखर विमानात बसवलंय. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन तर घरगुती विमानांत कित्येक दशकं उडतंय. ते हवेने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर नको, पाणी नको, पंखा सरळ दांड्यावर बसवता येतो. मिस्त्रीच्या सल्ल्यात खोट दुसरीकडे आहे. मोटारीचं इंजिन महामार्गावरसुद्धा आपल्या ताकदीचा चौथा हिस्सा वापरून मजेत चालतं. विमानाचं इंजिन तीन चतुर्थांश ताकदीवर तासन् तास चालवायचं असतं. शिवाय मोटारीच्या इंजिनाचे घोडे जागे होतात मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या पुढे, आणि पंख्याची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ द्यायची नसतील तर पंखा फिरायला हवा अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे मध्ये गिअर किंवा पट्टा आला. तो बसवला की इंजिनाचे झटके त्या गिअरवर जातात. घरगुती विमानांत मोटारीचं इंजिन दगा देतं ते पुष्कळदा स्वतः नाही, त्याला जोडलेलं हे काही ना काही दगा देतं. मिस्त्री म्हणाला, “पट्टा तुटला तर माझ्याकडे आणा, दहा मिनिटांत बदलून देतो.”

पुतण्याच्या मनात होतं रोटॅक्स ९१२. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शेन गावचं. चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे आडवे. ८० घोड्यांचं एक, १०० घोड्यांचं दुसरं. ते ५८०० फेऱ्या मारतं आणि गिअरही कंपनीनेच पोटात घालून दिलेला असल्यामुळे पंख्याला मिळतात २४०० च्या आत. वजन साठ किलोच्या घरात. जगातली बरीचशी हलकी विमानं यावर उडतात. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बांधलेल्या ‘हंसा-३’ ला रोटॅक्सच, आणि नव्या ‘हंसा-एनजी’ला रोटॅक्स ९१२ चीच आवृत्ती. सरकारी शास्त्रज्ञांनी ज्याच्यावर सही केली ते इंजिन वाईट कसं असेल, हा युक्तिवाद बनारसमध्ये उलट्या बाजूने लागू पडला. “सरकारी आहे? मग राहू द्या.”

रोटॅक्सची स्वस्त धाकटी भावंडंही आहेत. ५८२ हे दोन स्ट्रोकचं, ६४ घोड्यांचं. या घराण्यातली काही इंजिनं बर्फावर चालणाऱ्या स्कूटरच्या कुळातली. पंचेचाळीस अंशांच्या बनारसला बर्फाच्या स्कूटरचं इंजिन आणायचं, ही कल्पना मोहल्ल्याला फार आवडली. पुतण्याला आवडली नाही. कारण दोन स्ट्रोकच्या इंजिनाच्या पुस्तकात कंपनीच स्वच्छ सांगते, की हे इंजिन उडता उडता अचानक बंद पडू शकतं. असा प्रामाणिकपणा मी लग्न जमवणाऱ्यांच्यातही पाहिलेला नाही.

इथे हवामानाने तोंड घातलं. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत इंजिनाला श्वास कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना आधार कमी. वाराणसीचा बाबतपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून ८० मीटरच्या आसपास. पण जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकला की विमानाच्या हिशेबी तोच विमानतळ बाराशे-तेराशे मीटर उंचीवर जाऊन बसतो. म्हणजे महाबळेश्वर. फक्त थंडी नाही, स्ट्रॉबेरी नाही आणि शंभरातले दहा-बारा घोडे रजेवर. हे मी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “तरीच जूनमध्ये मला जिना चढताना दम लागतो.”

इंधनाची कथा वेगळीच. रोटॅक्स ९१२ साध्या पेट्रोलवर चालतं, हा त्याचा मोठा गुण. पण कंपनीची परवानगी दहा टक्के इथेनॉलपर्यंतची, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आलंय. विमानाचं खास पेट्रोल, एव्हीगॅस, ते पूर्वी बाहेरून आणावं लागे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या आपल्या रिफायनरीत बनवून ते बाजारात आणलं. पण त्यात शिसं असतं, ते रोटॅक्सच्या पोटात साचतं, मग तेल वरचेवर बदलावं लागतं. ही चर्चा चालू असताना घरी कोल्हापूरचे पाहुणे होते, काशीयात्रेला आलेले, उसाचे मोठे बागाईतदार. इथेनॉलला नाव ठेवलेलं त्यांना रुचलं नाही. “आमच्या उसावर विमान चालत नसेल, तर खोट विमानात आहे,” असा निकाल देऊन ते त्रिस्थळीच्या पुढच्या स्थळी, प्रयागला रवाना झाले.

प्रयाग आमच्यापासून सव्वाशे किलोमीटर. विमानाच्या गप्पांत ते नेहमी यायला हवं, आणि येत नाही. १८ फेब्रुवारी १९११ ला तिथून जगातली पहिली अधिकृत विमान-टपाल निघाली. हेन्री पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुना ओलांडून नैनीला गेला. वेळ तेरा मिनिटं. अंतर दहाएक किलोमीटर. इंजिन पन्नास घोड्यांचं. एक माणूस आणि टपालाची थैली यांना पन्नास घोडे पुरले, कारण विमान म्हणजे काड्या, तारा आणि कापड एवढंच होतं आणि काम ठरलेलं होतं : नदी ओलांडायची. मी हे कचोरीच्या दुकानात सांगितलं. तिथल्या एकाने विचारलं, “पन्नासच का? शंभर का नाही लावले?”

सांगाड्याकडे वळल्यावर सल्लागार वाढले, कारण इंजिन सगळ्यांना कळत नसलं तरी सामान सगळ्यांना कळतं. आणि अशा विमानाचे चार प्रकार, चारही बनारसला जवळचे.

पहिला लाकडाचा. लाकडी खेळणी करणारे कारागीर इथे पिढीजात, त्यांतल्या एकाने नमुना म्हणून वीतभर विमान करून आणलं, लाखेने लाल-पिवळं रंगवलेलं. सुंदर होतं. पण लाकूड हवेतली ओल शोषतं, गोंदाचा सांधा आतून सुटला तर बाहेरून दिसत नाही, आणि श्रावण-भाद्रपदात गंगाजी गल्लीत येतात तेव्हा ते विमान सरळ नाववाल्याच्या हद्दीत जाणार. नाववाला या पर्यायाच्या बाजूने होता.

दुसरा पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि वर कापड. कापड म्हटल्याबरोबर मदनपुऱ्यातल्या ओळखीच्या गद्दीवरून निरोप आला : बनारसी रेशीम देतो, जरीकाठ पंखाच्या कडेने. जरीचं वजन ऐकून पुतण्याने हात जोडले. खरं कापड लागतं पॉलिएस्टरचं. ते सांगाड्यावर चिकटवतात आणि मग त्यावर इस्त्री फिरवतात. मी थट्टा करत नाही. चक्क घरातली इस्त्री, मात्र तिच्यावरच्या ‘सुती-रेशमी’ खुणांवर भरवसा न ठेवता थर्मामीटर लावून मोजलेली. आधी साधारण १२० अंशांवर एक हात, कापड आक्रसून सुरकुत्या जातात. मग शेवटचा हात १७५ अंशांच्या आसपास, की ते टिचकी मारल्यावर वाजेल इतकं ताणलं जातं. एकाच जागी जास्त आवळलं तर आतल्या हलक्या फासळ्या वाकतात, आणि इस्त्री फारच तापवली तर कापड उलट ढिलं पडतं. म्हणून पंखाच्या दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने. हे पाहायला गल्लीतला धोबी आला होता. पुतण्याचा हात बघून म्हणाला, “कॉलर राहिली.”

तिसरा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. हजारो रिवेट ठोकायचे. आवाजाची तक्रार येईल म्हणावं तर आमच्यापासून ठठेरी बाजार हाकेच्या अंतरावर. तिथे पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेवर हातोडे पडतायत, त्यात आणखी एक हातोडा कुणाला कळणार? शिवाय ‘झेनिथ ७०१’ सारख्या विमानाचे आराखडे घरगुती बांधणाऱ्यांसाठीच आखलेले : वाकवायला सोपा पत्रा, खेचून बसवायचे रिवेट, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासही हवेत तग धरणारे पंख. अशा पंखांचं मोल इंजिन बंद पडल्यावर कळतं. टक्कर सोसायची ताकद वेगाच्या वर्गाने लागते. निम्म्या वेगाने टेकलात तर मार चौथाईच.

चौथा फोम आणि फायबरग्लासचा, बर्ट रुटानच्या ‘लाँग-ईझी’च्या वळणाचा. गुळगुळीत, वेगवान, देखणा. पण राळ घट्ट होते ती हवेच्या तापमानाच्या मर्जीने, आणि बनारसच्या मे महिन्यात ती डब्यातच घट्ट होईल या भीतीने तो पर्याय आधीच वितळला.

या चारही प्रकारांत एक अडचण समान निघाली. पंख आठ मीटर, गल्ली पाच फूट. पंख सरळ असतात, गल्ली नसते. चारकोपच्या गच्चीवरून विमान निदान खाली उतरवता तरी आलं. ब्रह्माघाटावरून विमान बाहेर काढायचं तर ते उडवूनच काढावं लागलं असतं. शेवटी बांधकाम रामनगरच्या बाजूला एका शेडमध्ये करायचं ठरलं. गच्ची वाचल्याच्या आनंदात वहिनींनी पहिल्यांदा विमानाला पाठिंबा दिला.

सल्ल्यांत शास्त्र राहून कसं चालेल? गुरुजी आले. त्यांनी भरद्वाजांच्या नावावरचं विमानशास्त्र काढलं, पाठोपाठ शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ला त्यांनी गिरगाव चौपाटीवर उडवलं म्हणतात ते विमान. तळपद्यांचं नाव निघालं की मराठी माणसाला भरून येतं, मलाही येतं. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा हाती लागत नाही. आणि ते विमानशास्त्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासलं, तेव्हा ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष आला. मी हे नम्रपणे सांगितलं. गुरुजी तितक्याच नम्रपणे म्हणाले, “तुमच्या पुतण्याचं तरी कुठे उडलंय?”

मग एका रात्री पुतण्याने जेवणाच्या ताटाशेजारी कागद मांडला. वरती लिहिलं : ४५०. दोन आसनी मायक्रोलाइट म्हणजे माणसं, इंधन धरून एवढे किलो. “आता वजा करू,” म्हणाला. दोन माणसं. पुस्तकात माणूस सत्तर-पंचाहत्तरचा असतो. बनारसमध्ये सकाळी कचोरी-जलेबी, दुपारी लस्सी, थंडीत मलइयो, तेव्हा पंच्याऐंशी धरा. झाले एकशे सत्तर. पेट्रोल पन्नास लिटर, छत्तीस किलो. उरले दोनशे चव्वेचाळीस. इंजिन साठचं, पण नुसतं इंजिन उडत नाही. पंखा, रेडिएटर, पाणी, तेल, बॅटरी, सायलेन्सर, ते बसवायचा नळ्यांचा स्टँड, सगळं मिळून नव्वदच्या आसपास. उरले दीडशेवर चार. त्यात पंख, शेपूट, चाकं, दोन खुर्च्या, घड्याळं, काच, रंग.

“आणि सामान?” वहिनींनी विचारलं.

“सामान नाही.”

“पाण्याची बाटलीसुद्धा?”

“बाटली पंच्याऐंशीतून वजा.”

त्या कागदावर आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांचा निकाल लागत होता. कुणाचं ऐकून चाळीस किलो जड इंजिन घेतलं, तर नुसते चाळीस वाढत नाहीत. पुढचं वजन पेलायला स्टँड जाड, नाक जड झालं म्हणून शेपटीकडे वजन, एकूण वाढलं म्हणून चाकं आणि पंखांचे दांडे दणकट, एवढं सगळं उचलायला आणखी घोडे, आणि त्या घोड्यांना आणखी पेट्रोल. शेवटी विमान तयार होतं, फक्त त्यात वैमानिकाला जागा राहत नाही. आप्पांनी कागद पाहिला आणि खिशातून पेन काढून दोन माणसांतल्या एकावर काट मारली. “झालं की नाही कमी?” चाळीस वर्षांच्या फोरमनकीचा तो अनुभव होता, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीचा सगळ्यात कामाचा सल्ला.

स्वतःच्या बुद्धीने फेरफार करणाऱ्यांसाठी एक कथा सांगून ठेवतो. १९३४ मध्ये फ्रान्सच्या हेन्री मिन्ये याने ‘फ्लाइंग फ्ली’ या चिमुकल्या विमानाचं पुस्तक काढलं. कुणीही घरी बांधावं, असा त्याचा हाकारा. शेकडो लोकांनी बांधायला घेतलं, हाताशी असेल ते इंजिन लावलं. मग अपघात सुरू झाले. हवेच्या बोगद्यात तपासल्यावर कळलं, की एकदा नाक ठरावीक कोनाखाली गेलं की दांडा ओढूनही ते वर येत नाही, कारण पुढचा पंख आणि मागचा पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात. इंग्लंड-फ्रान्समध्ये ती उडवण्यावर बंधनं आली. इंजिन चांगलं की वाईट हा मुद्दाच नव्हता. तो जोड कुणी पुरेसा उडवून पाहिलेला नव्हता, मुद्दा तेवढाच.

म्हणून इंजिन आधी की सांगाडा आधी, या वादात माझं मत दोन्ही पक्षांना न रुचणारं आहे. दोन्ही नंतर. आधी काम. दोन माणसांना सकाळच्या थंड हवेत तासभर फिरून त्याच पट्टीवर परत यायचं असेल तर ८० घोडे आणि सावकाश उतरणारे पंख पुष्कळ झाले. दुपारी बाराला जूनमध्ये उडायचं असेल तर १०० घ्या, किंवा दुपारी झोपा, ते स्वस्त पडतं. आणि काम ठरल्यावर जोड निवडायचा तो असा, की याच इंजिनासह हाच सांगाडा दुसऱ्या कुणीतरी शेकडो तास उडवलेला आहे आणि तो अजून आपल्याशी फोनवर बोलू शकतो. स्वतःचाच सांगाडा आणि स्वतःचंच इंजिन जोडून पाहायची हौस राइट बंधूंना परवडली, कारण त्यांच्या आधी विचारायला कुणी नव्हतं. आपल्याकडे विचारायला माणसं आहेत. उडवलेल्या माणसाला विचारावं, एवढंच.

पुतण्याने पत्र्याचा सांगाडा आणि १०० घोड्यांचं रोटॅक्स असा जोड नक्की केलाय. इंजिनाची किंमत लाखांत आणि दोन आकडी, त्या पैशात चांगली चारचाकी आली असती, हे वहिनी रोज सांगतात. सध्या शेपटीचे रिवेट चालू आहेत. प्रत्येक भाग बसवण्याआधी तो काट्यावर ठेवून वहीत मांडतो, आणि त्या वहीमुळेच त्याचं विमान होईल असं मला वाटतं.

तुमच्या घरातलं कुणी असं काही मनावर घेणार असेल तर त्याला अडवू नका, टाकी कधीही दुरुस्त होईल. त्याला वजनकाटा घेऊन द्या. आणि कुणी “किती घोड्यांचं?” म्हणून विचारायला आला, तर त्याला आधी त्या काट्यावर उभं करा.